पाचव्या पायरीची जादूगारीण

बाबा, मी सध्या दर रविवारी दुपारी जादूगारीण असते. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण फिरवून-फिरवून सांगायला मला जमत नाही आणि तुम्हालाही तसं ऐकायची सवय नव्हती. तुम्ही लुगडं विणता विणता माग थांबवून विचारायचे, काय झालं ते सांग, आधी काय अन् मागं काय ते नको. तर हे झालं आहे. पत्र शाळेच्या भाषेत लिहून राहिली, चौथीपर्यंत जेवढी शिकवली तेवढ्या भाषेत. तोंडानं मी अजून मले-तुलेच बोलते. पण कागदावर तसं लिहिलं की गुरुजींची छडी आठवते, हात आपोआप नीट होतो.

तुमची नात तुम्ही पाहिली नाही. तुम्ही गेले तेव्हा माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं. ही पोरगी शिकली, पुण्याला नोकरीला गेली, मोठ्या काचेच्या इमारतीत. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस दोन बॅगा घेऊन हुडकेश्वरच्या घरी परत आली. मी दारातच विचारलं, सुट्टी आहे का. म्हणाली, सोडली. काहून सोडली? सोडली आई. एवढंच. मग आतल्या खोलीत गेली ती गेलीच. सकाळी उशिरापर्यंत झोपायची, अर्धी पोळी खायची, ताट सरकवायची, परत खोलीत. विचारलं की भिंतीकडे पाहायची. तुमचे जावई म्हणायचे, थांब थोडं, सांगेल ती. त्यांचं काय, त्यांना बसची वाट पाहायलाही आवडते. मला दळणाचा डबा गिरणीत ठेवून घरी येणं होत नाही, मी तिथंच उभी राहते. तर मी रोज सकाळी तिच्या दारावर थाप मारायची आणि विचारायची. रोज. वेगवेगळ्या आवाजात. ती जितकी गप्प, तितकी माझी थाप मोठी. आपली धडधाकट पोरगी आपल्याच घरात पाहुण्यासारखी राहून राहिली आणि आपल्याला कारण माहीत नाही, हे माझ्यानं सहन होत नव्हतं. कारण माहीत असतं तर काय केलं असतं, तेही मला माहीत नव्हतं.

फक्त रविवारी दुपारी तिचा आवाज यायचा. तिचे जुने कॉलेजचे मित्र-मैत्रिणी येऊन जेवायच्या टेबलाभोवती बसायचे. फासे, कागद, चिप्सची पाकिटं. मी समोरच्या खोलीत साड्यांना फॉल लावते, पिको करते, हा माझा धंदा. मशीन चालू असली की आतलं ऐकू येत नाही. म्हणून मी मशीन बंद ठेवून हातानंच टाके घालत बसायची. आत ती हसायची, बाबा. ओरडायची, भांडायची, म्हणायची, नाही बे, मी आधी दार तोडते, मग तू ये. कोणतं दार, कोणाचं दार, मला काही कळायचं नाही. पण तो आवाज पुण्याला जायच्या आधीचा होता.

मग त्यांच्यातल्या एकाची बदली झाली, रायपूरला. तोच त्यांच्या खेळात जादूगार होता. त्यांच्यात एक दाढीवाला आहे, विम्याच्या ऑफिसात काम करतो, खेळ तोच चालवतो. तो म्हणत होता, जादूगाराशिवाय पुढं जाता येणार नाही, थांबवू काही दिवस. रविवारसुद्धा बंद झाला तर घरात काय उरलं? मी तोंडात सुई धरून दारात उभी राहिली. सुई काढली अन् म्हटलं, "मी बसते."

पोरगी म्हणाली, "आई, हा तुझा खेळ नाही."

"मग कोणाचा आहे? माझ्या टेबलावर खेळून राहिले ना?"

दाढीवाला हसला. "बसा काकू. पण जादूगार लई हुशार पाहिजे, पुस्तकं वाचलेला."

"मी चौथी पास आहे," मी म्हटलं. "वाचता येते. जोरात वाचावं लागते, एवढंच."

खरं सांगते, जादूसाठी नाही बसली. मनात हेच होतं की चार लोकांत ती बोलते, तर मधेच हळूच विचारून टाकू, पुण्यात काय झालं.

या खेळात सारीपाटासारखा पट नाही, बाबा. जिंकणं-हरणंही नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की नाही, ते फासा ठरवतो. तुमची नात तलवारवाली आहे, दांडगी, कोणाचं ऐकत नाही. एक चोर आहे, एक देवाचं नाव घेऊन जखमा बऱ्या करणारी आहे. आणि मी. माझी जादूगारीण म्हणजे हाडकुळी बाई, अंगात ताकद नाही, मांजरानं ओरबाडलं तरी आटोपलीच. तलवारवाली पहिल्या दिवसापासून तलवारवाली असते. दिवसभर मारली तरी तलवार संपत नाही. जादूगारणीचं तसं नाही. दिवा लावणं, फुटकी वाटी जोडणं अशा बारीकसारीक करामती असतात, पण मारायचा-तारायचा असा मंत्र सुरुवातीला दिवसाला एखाद-दुसरा. म्हटला की गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात रिकामे.

पहिल्या रविवारी काय झालं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. आम्ही एका पडक्या किल्ल्यात शिरलो आणि दाढीवाला म्हणाला, समोर एक मोठा कुत्रा दात काढून उभा आहे. त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी म्हटलं, मंत्र मारला. फासा टाकला, मंत्र बरोबर लागला. कुत्र्याचा कान उडाला. तो दगडाचा कुत्रा होता, बाबा. पुतळा. सगळे टेबलावर डोकं ठेवून हसले. थोड्या वेळानं खरेखुरे राक्षस आले, तेव्हा माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी विचारलं, आता मी काय करू? चोर म्हणाला, "काकू, तुम्ही त्या पिंपाच्या मागं लपा." सगळी दुपार मी पिंपाच्या मागं काढली. पुढच्या रविवारीही तसंच.

मी चिडली. म्हटलं, हा काय जादूगार आहे, एवढा शिकला अन् एकदा म्हटलेला मंत्र विसरतो? तेव्हा तुमची नात, जी आठवडाभर हो-नाहीच्या वर बोलली नव्हती, ती खुर्ची माझ्याकडे वळवून सांगायला लागली. म्हणाली, विसरत नाही आई. मंत्र त्याच्या पोथीत लिहिलेले असतात, ते तिथंच राहतात. पण रोज सकाळी तासभर पोथी घेऊन बसायचं, आज कोणते मंत्र लागतील ते ठरवायचं, आणि तेवढेच डोक्यात भरून घ्यायचे. डोक्यात जागा ठरलेल्या असतात. एका जागेत एक मंत्र. तोच दोनदा लागेल असं वाटलं तर दोन जागांत तोच भरायचा. म्हटला की ती जागा मोकळी. त्या जागेला ते स्लॉट म्हणतात.

मी म्हटलं, "अस्सं. म्हणजे कांडी."

चोर म्हणाला, "जादूची कांडी?"

"नाही गा, सुताची. धोट्यातली."

त्यांना कांडी माहीत नाही. त्यांनी धोटा पाहिलेला नाही. मी शिवणाची पेटी उघडून एक रिकामी बॉबिन दाखवली आणि सांगितलं, आमच्या घरी माग होता. आडवा धागा या अशा कांडीवर भरायचा, कांडी धोट्यात बसवायची, धोटा इकडून तिकडं पळतो अन् कांडी मोकळी होत जाते. मोकळी झाली की धोट्यातून काढायची, भरलेली बसवायची. सकाळी ज्या रंगाच्या भरल्या, त्याच रंगांचं लुगडं दिवसभर निघणार. मधेच वाटलं म्हणून हिरवं येत नाही. तेव्हापासून टेबलावर स्लॉट कोणी म्हणत नाही. दाढीवालासुद्धा विचारतो, "काकू, किती कांड्या राहिल्या?"

हे सांगताना मला आपलं गोळीबार चौकाजवळचं घर दिसत होतं. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला, तुमचे पाय खड्ड्यात, कमरेपासून वरचे तुम्ही तेवढे आम्हाला दिसायचे. मी भिंतीला टेकून चरखा फिरवते आहे. लडीचा धागा कांडीवर जातो आहे. तांबड्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या, किनारीच्या हळदी वेगळ्या. टोपलीत मी त्या रंगवार मांडते. तुम्ही माग सुरू करायच्या आधी टोपलीत पाहता, मान हलवता, काही बोलत नाही. मला शाळेतून काढलं ते यासाठीच, कांड्या भरायला हात पाहिजे होते. त्याचा राग मी कधी धरला नाही, कारण शाळेत तरी मी कुठं एका जागी बसत होती. पण चरख्यावरही माझं तेच. भराभर भरायची आणि बाहेर पळायची.

त्या टोपलीत तुम्ही रोज एक-दोन कांड्या रिकाम्या ठेवायचे. लाकडाच्या, नागड्या. मला ते बघवायचं नाही. एक दिवस माझं काम लवकर झालं, अंगात उत्साह होता, मी त्याही भरून टाकल्या, तांबड्या. वाटलं, तुम्ही खूश व्हाल. माग सुरू झाला अन् किनारीचा हळदी धागा कांडीवरच कच्चा निघाला, तुटून तुटून अडकला, नवा भरायला मोकळी कांडी पाहिजे होती. तुम्ही टोपलीत हात घातला. सगळ्या भरलेल्या. माग थांबला. आपल्या घरात माग थांबला की शेजारच्यांनाही कळायचं. तुम्ही मला हाक मारली.

"ही काहून भरली वं?"

"रिकामी होती म्हणून."

"रिकामी नव्हती. ठेवलेली होती."

एवढंच बोलले. ओरडले नाही. तांबडा धागा उलटा काढून ती कांडी मोकळी केली, धाग्याचा गुंता झाला, तो बाजूला ठेवला, आणि माझ्याकडे दिली, हळदी भर म्हणून. मला इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं आणि धागा दिसत नव्हता. रिकामी अन् ठेवलेली यात काय फरक आहे, हे तुम्ही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्ही कमी बोलायचे, मला घाई असायची. आपल्या दोघांत बरंच काही तसंच राहून गेलं.

तर जादूगारीण. ती हळूहळू वाढते. ही पायऱ्यांची भानगड मला नीट कळायला सगळा पावसाळा गेला. लढाया केल्या, कोडी सोडवली की अनुभव जमा होतो, पुरेसा झाला की वरची पायरी. प्रत्येक वरच्या पायरीला खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पायरी चढली की पोथीत नवे मंत्र येतात आणि कांड्या वाढतात. पण कांड्याही दर्जाच्या असतात. पहिल्या दर्जाच्या कांडीत पहिल्या दर्जाचाच मंत्र मावतो. दुसऱ्या दर्जाची कांडी तिसऱ्या पायरीला मिळते, तिसऱ्या दर्जाची पाचव्या पायरीला. मोठ्या कांडीत लहान मंत्र भरता येतो, लहान कांडीत मोठा नाही. आगीचा गोळा हा तिसऱ्या दर्जाचा. एका गोळ्यात खोलीभर राक्षस राख. मला तो पहिल्याच दिवशी पाहिजे होता. मी दाढीवाल्याला म्हटलं, पोथीत लिहिलेलाच आहे तर म्हणू दे ना एकदा. तो म्हणाला, काकू, लिहिलेला असून काय उपयोग, अजून डोक्यात धरता येत नाही. पोरगी म्हणाली, तुझा हात अजून तेवढा मोठा नाही असं समज.

तिनं मला माझे मंत्र मराठीत लिहून दिले, मोठ्या अक्षरात, एका कागदावर एक. मी फॉल लावता लावता ते मोठ्यानं वाचायची. ती आतून दुरुस्त करायची. गिऱ्हाईक बाया विचारायच्या, काय वाचून राहिली? मी म्हणायची, झोप आणायचा मंत्र आहे, म्हणू का तुमच्यावर?

एका रविवारी आम्ही गुहेत होतो. माझ्या सगळ्या कांड्या संपल्या होत्या आणि गुहा अजून बाकी होती. मी म्हटलं, चला पुढं, अर्ध्यावर काय थांबता. दाढीवाला म्हणाला, "काकू, तुम्हाला झोपावं लागेल."

"मी नाही थकली."

"तुम्ही नाही, तुमची जादूगारीण. पूर्ण झोप झाल्याशिवाय कांड्या परत भरता येत नाहीत. मधे कोणी उठवलं तर तेवढी झोप वाढवावी लागते."

"आणि नाहीच झोपली तर?"

"मग पोथी समोर घेऊन बसा, काही डोक्यात जाणार नाही."

पोरगी कागदाकडेच पाहत होती. म्हणाली, "कोणी उठवू नका तिला. मी दारात पहारा देते." गोष्टीतच म्हणाली. पण आवाज गोष्टीतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी मी तिच्या खोलीपुढं उभी, हात थाप मारायला वर. आणि तुम्ही आठवले. एखादं भारी लुगडं, पदरासकट, मागावरून उतरलं की तुम्ही दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दिवसभर. गांधीबागेतून लुगडी घेणाऱ्या शेठचा माणूस आला तरी उठायचे नाही. मी लहान होती, मला वाटायचं, बाबा आळशी झाले. माय मला दंडाला धरून बाहेर काढायची, म्हणायची, अंगण झाड, नाही तर विहिरीवर जा, पण इथं पाय वाजवू नको. मी म्हणायची, दुखते का त्यांचं काही? माय म्हणायची, दुखत नाही. अंगातलं सरलं आहे. मला तेव्हा ते काही कळलं नव्हतं. हात तसाच वर ठेवून मी किती वेळ उभी होती कोण जाणे. मग खाली घेतला आणि चहा ठेवायला गेली. एकटीचा. ती उठली तेव्हा तिचा वेगळा केला. त्या दिवसापासून विचारणं बंद केलं. सोपं नव्हतं, बाबा. जिभेला खाज सुटायची. दोनदा तोंड उघडलं आणि तिला बटाटे सोलायला सांगितले.

दिवाळीच्या जरा आधी मी पाचव्या पायरीवर पोचली. तिसऱ्या दर्जाची कांडी मिळाली. चोरानं टाळ्या वाजवल्या, जखमा बऱ्या करणारी पोरगी माझ्यासाठी समोसे घेऊन आली. दाढीवाला म्हणाला, "चला काकू, सकाळ झाली, पोथी उघडा, भरा कांड्या. आगच ना?" मी झोपेचा भरला, ढालीचा भरला, दुसऱ्या दर्जाचेही भरले. मग तो सहज म्हणाला, तसं नियमात हेही आहे, एखादी मोकळी ठेवता येते. दिवसा कधीही पाव तास पोथी घेऊन बसलं की तेव्हा पाहिजे तो मंत्र भरता येतो. कोणी तसं करत नाही म्हणा.

बाबा, मी शिवणाच्या पेटीतली रिकामी बॉबिन काढून हातात धरली. सगळ्यांना वाटलं, काकूंना नियम कळला नाही, पोरगी परत सांगायला लागली. मी म्हटलं, समजलं. मोठी ठेवा मोकळी.

"आई, इतके महिने आग-आग करून राहिली ना?"

"हाव. ठेव मोकळी."

त्या दुपारी आम्ही एका जुन्या मनोऱ्यात होतो. तुमच्या नातीची तलवारवाली सगळ्यांच्या पुढं, नेहमीसारखी. तिच्या पायाखालची फरशी गेली आणि ती खाली खोल विवरात पडली. दोर पोचत नाही. खाली पाणी चढून राहिलं. मागून दारावर राक्षस धडका मारून राहिले. आग असती तर दारावरचे जळाले असते, पण ती खाली बुडाली असती. पोरगी टेबलावर बोटं एकमेकांत अडकवून बसली होती. खेळच तो, मला माहीत आहे. पण तलवारवालीला तिनं उन्हाळ्यापासून जपलं होतं. आणि या घरात आल्यापासून ती स्वतःहून उभी राहिली असेल, तर ती त्या तलवारवालीत.

मी म्हटलं, उडायचा मंत्र कितव्या दर्जाचा?

दाढीवाल्यानं पाहिलं. तिसऱ्या. पोथीत आहे तुमच्या. पण पाव तास लागेल, काकू, तेवढा वेळ दार टिकलं पाहिजे.

चोर म्हणाला, "मी दाराला खांदा लावतो." जखमा बऱ्या करणारी म्हणाली, "मी पण." आणि खालून, विवरातून, म्हणजे माझ्या समोरच्या खुर्चीवरून, पोरगी म्हणाली, "आई, तू बस. सावकाश वाच. मी पाण्यात तरंगून राहते."

दाढीवाला म्हणाला, खरोखर वाचा काकू, मोठ्यानं. मी उडायच्या मंत्राचा कागद शोधला, तिच्या अक्षरातला. मी वाचते तेव्हा बोट ठेवून वाचते, जोडाक्षर आलं की थांबते. एरवी कोणासमोर वाचत नाही. बँकेतसुद्धा म्हणते, चष्मा विसरली. तिथं ते दोघं एकामागून एक फासे टाकत होते, दार धरत होते, कोणी जखमी होत होतं, आणि मी एकेक शब्द लावत होती. कोणी पुढचा शब्द सांगितला नाही. कोणी घड्याळ पाहिलं नाही. आयुष्यात माझ्यासाठी इतकी माणसं अशी थांबली नव्हती, आणि मलाही पहिल्यांदाच घाई नव्हती. कागद संपला. दाढीवाला म्हणाला, भरली कांडी. मी खाली उडत गेली आणि तिला काखेत धरून वर आणली. एवढीशी हाडकुळी बाई, एवढी दांडगी पोरगी. चोर म्हणाला, काकूंच्या पाठीचं काही खरं नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात. ती कप विसळून राहिली, मी ओट्यावर पोहे निवडून राहिली. पाठ माझ्याकडे ठेवूनच ती बोलायला लागली. पुण्याला दोघींचं काम एकटीवर आलं होतं, एक जण सोडून गेली तिची जागा भरलीच नाही. रविवारसुद्धा जायचा. मग एक दिवस सकाळी ती ऑफिसच्या खाली पोचली, आणि पायऱ्या चढता येईनात. पाय दुखत नव्हते, काही झालं नव्हतं, वर उचलतच नव्हते. ती पहिल्या पायरीवर बसली. चौकीदारानं पाणी आणून दिलं, ताई, कोणाला फोन लावू का म्हणाला.

"तुले लावणार होती," ती म्हणाली. "नंबर काढला होता."

"मग?"

"तू म्हटलं असतं, काही झालं नाही ना, मग उठ अन् जा वर."

मी पोह्यातला एक खडा बाजूला काढला. खोटं काय बोलायचं तिच्याशी. "म्हटलं असतं," मी म्हटलं.

"हाव ना," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, तसं रडूही आलं असावं, कारण नळ तिनं उगाचच मोठा केला. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही कधी असा ठेवला नाही, म्हणून मला नीट ठेवता येत नाही, जरा जास्तच जोरात पडतो. ती म्हणाली, लागते आई. पण सरकली नाही.

माझ्या जिभेवर पुढचा प्रश्न तयार होता. आता पुढं काय करशीन? नोकरी पाहशीन का, घरीच राहशीन, लग्नाचं काय? सगळे एका रांगेत उभे होते. मी म्हटलं, "सहाव्या पायरीवर काय मिळते वं?"

तिनं नळ बंद केला. ओढणीला हात पुसले आणि ओट्याला टेकून सांगायला लागली. सहाव्या पायरीवर नवा दर्जा नाही, तिसऱ्याचीच अजून एक कांडी. चौथा दर्जा सातव्या पायरीला. त्यात दरवाजा न उघडता इथून तिथं जाता येतं, असा एक मंत्र आहे. पोहे निवडून झाले तरी ती सांगतच होती.

त्याला आता बरेच दिवस झाले. ती कुठं-कुठं अर्ज करून राहिली आहे, कुठं ते मी विचारलेलं नाही. सकाळी कधी लवकर उठते, कधी नाही. हा कागद मी फॉलच्या गठ्ठ्याखाली ठेवीन, तिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. तुम्हाला धाडायला पत्ता असता तरी धाडला नसता, कारण यात एक गोष्ट आहे, ती तिच्या कानावर जायला नको. नवव्या दर्जापर्यंत सगळ्या कांड्या, कोणती कितव्या पायरीला मिळते, कशात काय मावतं, सगळं मला केव्हाच पाठ झालं आहे, बाबा. तरी मी रोज चहा घेताना तिला काहीतरी विचारते. ती म्हणते, किती वेळा सांगायचं आई. आणि सांगते.